एका साच्याच्या दोन बंदुका : मलकापूर ते असई, १८०३

दोन लष्करी रायफलींची तुलना कशी करतात हे आता बहुतेकांच्या परिचयाचे झाले आहे. नळीची लांबी, गोळीचा व्यास, वजन, पल्ला, मिनिटाला सुटणाऱ्या गोळ्या अशा रकान्यांचा तक्ता मांडायचा आणि शेवटी एकीच्या बाजूने निकाल द्यायचा, अशी ती रीत. पुण्याजवळ पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत आकाराला आलेली इन्सास आणि रशियन कलाश्निकोव्ह यांच्याविषयीचा वाद याच रीतीने वर्षानुवर्षे चालला. दोहोंच्या पोटातील यंत्रणा एकाच कुळातली : बाराच्या वायूने दट्ट्या मागे लोटला जातो आणि फिरता बोल्ट उघडतो. तरीही एकीच्या वाट्याला भरवशाची म्हणून ख्याती आली, तर दुसरीच्या वाट्याला १९९९ च्या कारगिल युद्धातील तडकलेल्या मॅगझिनांच्या तक्रारी आल्या. रचनेने सख्ख्या असलेल्या दोन वस्तू इतिहासात इतक्या वेगळ्या का वागतात? आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टींमुळे हा फरक पडतो त्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नसतो.

हे उत्तर तपासून पाहण्यासाठी आम्ही दोनशे वर्षांहून जुनी एक जोडी निवडली आहे. १८०३ साली वऱ्हाडाच्या पश्चिम सीमेवर दोन सैन्ये समोरासमोर आली. त्यांच्या पायदळांच्या हातांतील बंदुका जवळजवळ एकाच साच्याच्या होत्या. त्यांतील एका सैन्याचा जय झाला, दुसऱ्याचा पराभव झाला. आणि पराभवाचे कारण म्हणून आपल्याकडे पुढे पिढ्यानपिढ्या बंदुकीकडेच बोट दाखवले गेले. हे बोट योग्य जागी रोखले गेले होते काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आरंभ बुलढाणा जिल्ह्यातील मलकापुरापासून करावा लागतो. १८०३ च्या पावसाळ्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे) यांची सैन्ये मलकापूरच्या परिसरात तळ देऊन होती. आदल्या वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज पत्करली होती, आणि तो तह या दोघांना मान्य नव्हता. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स त्यांच्या छावणीत होता. सैन्ये मागे न्या, असा त्याचा आग्रह. आधी इंग्रजांनी मागे जावे, असा सरदारांचा. ३ ऑगस्ट १८०३ रोजी कॉलिन्स छावणी सोडून निघाला, आणि त्याचे निघणे हेच युद्धाचे उघडणे ठरले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा दक्षिणेतील अध्याय असा या जिल्ह्यात सुरू झाला. शालेय पुस्तकांत मलकापूरचे नाव या संदर्भात क्वचितच येते. रेल्वेचे स्थानक आणि कापसाची बाजारपेठ एवढीच त्याची सर्वसाधारण ओळख आहे.

शिंद्यांच्या छावणीत जे पायदळ होते ते कोणते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. याच जिल्ह्यात साखरखेर्डा आहे. १७२४ च्या ऑक्टोबरात तेथे निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली, मुबारिझखान मारला गेला आणि दक्षिणेत निजामाची सत्ता स्वतंत्रपणे उभी राहिली. या विजयामुळे गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिले गेले. त्या काळात दख्खनच्या पायदळाचे हत्यार म्हणजे तोड्याची बंदूक. सोरा मुरवलेल्या दोरीचा जळता तोडा चापाच्या साहाय्याने रंजकेवर, म्हणजे बत्तीच्या बारीक दारूवर, टेकवायचा. ती पेटली की नळीच्या कानातून आग आत शिरे आणि बार उडे. ही बंदूक लांब नळीची, नेमाला चांगली, पल्ल्याला पुढे जाणारी आणि गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येणारी होती. तिचे दुखणे जळत्या तोड्यात होते. पावसात तो विझे, रात्री त्याचा निखारा दुरून दिसे. आणि उघडी दारू बाळगणाऱ्या माणसांना जळत्या दोऱ्या हातांत घेऊन खांद्याला खांदा लावून उभे करणे धोक्याचे असे. तोड्याची बंदूक म्हणून मोकळ्याने लढणाऱ्या माणसाचे हत्यार राहिली.

चकमकीच्या बंदुकीने हा तोडा काढून टाकला. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा घट्ट बसवलेला असे. चाप ओढला की घोडा पोलादी पट्टीवर आदळे, ठिणग्या रंजकेत पडत आणि बार उडे. मराठी वाचकाने येथे क्षणभर भाषेकडेही पाहावे. ‘चकमक’ म्हणजे मुळात गार आणि पोलाद यांच्या आघाताने आग पाडण्याचे साधन. आज वृत्तपत्रांत ‘सीमेवर चकमक’ असे छापले जाते तेव्हा तो जुना आघातच शब्दात जिवंत असतो.

जळती दोरी गेल्यामुळे माणसे दाट रांगेत उभी करता येऊ लागली. नळीच्या टोकाला संगीन बसवली की तीच बंदूक भाल्याचे काम करू लागली. पण एका बाबतीत नवी बंदूक जुनीपेक्षा अधू होती. तिची नळी आतून गुळगुळीत असे, आणि झटपट भरता यावी म्हणून गोळी नळीच्या पोकळीपेक्षा मुद्दाम लहान घेतलेली असे. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरणे म्हणजे दारू वाया घालवणे. तेव्हा एकट्याच्या हातात ती फारशी कामाची नव्हती. शेकडो माणसांनी एका हुकुमासरशी एकाच दिशेने बार काढला, की मग तिची ताकद दिसे. काडतूस दातांनी फोडायचे, थोडी दारू कानापाशी ओतायची, उरलेली गोळीसह नळीत सोडायची, गजाने ठासायची, घोडा ताणायचा, चाप ओढायचा. आणि समोरून तोफेचे गोळे येत असताना हे सारे मिनिटाला दोन-तीन वेळा करायचे. याचे शिक्षण म्हणजेच कवायत. कवायत हा चकमकीच्या बंदुकीचा न दिसणारा अर्धा भाग होय, असे म्हटले तरी चालेल. (काडतूस दातांनी फोडण्याची ही सवयच पुढे १८५७ मध्ये एन्फील्ड रायफलीच्या नव्या काडतुसांमुळे केवढा अर्थ धारण करून बसली, हे सर्वांना ठाऊक आहे.)

आता मुख्य जोडीकडे येऊ.

पहिली बंदूक कंपनीची. इंग्लंडच्या राजाच्या सैन्यात अठराव्या शतकात जी बंदूक चाले तिची नळी आरंभी ४६ इंचांची व नंतर ४२ इंचांची होती. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदुस्थानी पलटणींसाठी ३९ इंच नळीची, अधिक साधी आणि स्वस्त अशी बंदूक करून घेतली. तिच्या नळीचा व्यास सुमारे पाऊण इंच, वजन साडेचार किलोच्या आसपास आणि संगीन १७ इंचांची होती. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि इंग्लंडला बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा सरकारने कंपनीच्या कोठारातील बंदुका आपल्या सैन्यासाठी घेतल्या. १७९७ मध्ये तोच नमुना राजाच्या सैन्याचा ठरला आणि नेपोलियनशी झालेल्या युद्धांत तो लाखोंच्या संख्येने तयार झाला. त्या नमुन्याला नाव पडले ‘इंडिया पॅटर्न’. वॉटर्लूला इंग्रज शिपायाच्या हाती जी बंदूक होती, तिच्या नावातच हिंदुस्थान होता. वसाहतीसाठी केलेला स्वस्त नमुना मायदेशाने उचलावा, ही गोष्ट वरिष्ठ-कनिष्ठाच्या आपल्या ठरीव कल्पनांना जरा धक्का देणारी आहे.

दुसरी बंदूक शिंद्यांची. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात महादजींनी कंपनीच्या पायदळाचे सामर्थ्य जवळून पाहिले होते. १७८४ मध्ये त्यांनी बन्वा द ब्वान्य या, मराठी इतिहासग्रंथांत ‘डी बॉयन’ म्हणून वावरणाऱ्या, सव्हॉयच्या माणसाला पायदळ उभारण्यास नेमले. हा मनुष्य फ्रेंच आणि रशियन चाकरी करून हिंदुस्थानात आला होता आणि येथे त्याने कंपनीच्या मद्रासी पायदळातही अधिकारी म्हणून काम केले होते. ही बाब आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण कवायतीची शाळाही अशा रीतीने एकच निघते. त्याच्या हाताखाली सँगस्टर नावाचा एक स्कॉट होता. आग्ऱ्याच्या कारखान्यात तो तोफा ओती आणि बंदुका घडवी. हर्बर्ट कॉम्प्टन यांच्या १८९२ च्या ग्रंथात या बंदुकीची किंमत दहा रुपये दिली आहे आणि ती युरोपीय बनावटीच्या तोडीची असल्याचे म्हटले आहे. तिलंग्यांच्या पलटणींना या चकमकीच्या बंदुका मिळत. नजिबांच्या पलटणींकडे तोड्याच्या बंदुका राहिल्या. याच पायदळाच्या बळावर १७९० मध्ये पाटण व मेडता आणि १७९३ मध्ये लाखेरी येथे महादजींच्या बाजूला विजय मिळाले.

या दोन बंदुका शेजारी ठेवल्या तर तक्त्यात काय भरावे लागेल? दोन्ही चकमकीच्या, दोन्ही तोंडाकडून ठासायच्या, दोन्हींची नळी आतून गुळगुळीत, दोन्हींना संगीन, दोन्हींचा परिणामकारक पल्ला शंभर पावलांच्या आतबाहेर, दोन्हींतून मिनिटाला दोन-तीन बार. यंत्राने कापलेले, एकमेकांत बदलता येणारे सुटे भाग दोन्हींना नव्हते. लंडन असो, बर्मिंगहॅम असो की आग्रा असो, प्रत्येक घोडा आणि प्रत्येक चाप कारागिराच्या कानशीने घासूनच बसवला जाई. इतकेच काय, त्या धरणाऱ्या माणसांनाही एकच नाव होते. कंपनीच्या मद्रासी शिपायांना तेलंगणामुळे ‘तिलंगे’ म्हणत. शिंद्यांच्या पलटणींतील शिपाई मुख्यतः अयोध्या आणि दुआबातले, तरी त्यांनाही ‘तिलंगे’च म्हणत. कवायत शिकलेला, बंदुकीला संगीन लावून रांगेत उभा राहणारा शिपाई, एवढाच त्या शब्दाचा अर्थ उरला होता.

हे दोन तिलंगे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे भेटले. असई आज जालना जिल्ह्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ही लढाई झाली. शिंद्यांच्या बाजूला पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली सुमारे दहा-अकरा हजार कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. शिवाय मोठे घोडदळ होते. आर्थर वेलस्लीने प्रत्यक्ष लढाईत घातलेले सैन्य साडेचार-पाच हजारांच्या घरातले होते.

वेलस्लीने केळणा नदी शत्रूच्या डाव्या बगलेपलीकडे ओलांडली. मराठी पायदळाला तो बाजूने गाठील, असा त्याचा हिशेब होता. पण पोलमानच्या पलटणींनी आपली सारी रांग काटकोनात फिरवली आणि त्या तोफांसह त्याच्यासमोर पुन्हा उभ्या राहिल्या. हजारो माणसांची आणि तोफांची रांग शत्रू नदी उतरत असताना वळवणे हे कवायतीतील अत्यंत कठीण काम मानले जाते. ते ज्या पायदळाने केले त्याला ‘अर्धवट शिकलेले’ म्हणणे न्यायाचे होणार नाही. पुढे तोफांनी इंग्रजी रांगांना अक्षरशः भगदाडे पाडली. असई गावाच्या दिशेने भरकटलेली ७४ वी स्कॉटिश पलटण जवळजवळ नामशेष झाली. दुसऱ्या टोकाला ७८ व्या पलटणीने साठएक पावलांवरून एक बार काढला आणि ती संगिनी रोखून तोफांवर धावून गेली. काही गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रूची रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी तिच्या पाठीत गोळे सोडले. संध्याकाळी शिंद्यांचे उरलेले पायदळ जुई ओलांडून मागे गेले. इंग्रजांच्या बाजूला ४२८ ठार आणि १,१३८ जखमी झाले. म्हणजे लढलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा पडला. वेलस्लीने पुढे वॉटर्लू जिंकले; तरीही आयुष्यातील सर्वांत चांगली लढाई कोणती, असे विचारल्यावर त्याने असईचेच नाव घेतले, असे सांगतात.

या वर्णनात बंदुकीचा बार किती वेळा आला, हे वाचकांनी मोजावे. ज्या हत्याराची आपण तुलना करीत आहोत, त्याचे असईवर फारसे चाललेच नाही. इंग्रजांची माणसे मुख्यतः तोफांनी मारली, आणि त्या तोफा शिंद्यांच्या होत्या. मराठी रांग हलली ती संगिनीपुढे, आणि संगीन दोघांकडेही होती. लढाईनंतर तीन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात वेलस्लीने कबूल केले की, आपले स्वतःचे वगळता इतके चांगले पायदळ आपण हिंदुस्थानात पाहिले नाही, आणि टिपूच्या सैन्यापेक्षा ते व त्याची सामग्री पुष्कळच सरस होती.

मग फरक कोठे पडला? आमच्या मते तो तीन ठिकाणी पडला.

पहिले ठिकाण अधिकाऱ्यांचे. शिंद्यांच्या पलटणींचे वरचे अधिकारी बहुतांशी युरोपीय होते आणि त्यांत इंग्रज प्रजाजनही होते. ऑगस्ट १८०३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने जाहीरनामा काढला : शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या इंग्रज प्रजाजनांच्या निर्वाहाची सोय कंपनी करील. एकही गोळी न झाडता पलटणींचे अधिकारी असे गळत गेले. बंदूक तीच राहिली, शिपाई तोच राहिला. पण हुकूम देणारा आवाज ऐन वेळी गेला. चकमकीची बंदूक हे हुकुमावर चालणारे हत्यार आहे, हे वर सांगितलेच आहे. हुकूम काढून घेतला की तिच्यात उरते ते लाकूड आणि लोखंड. उत्तरेत लासवारीच्या लढाईनंतर (१ नोव्हेंबर १८०३) जनरल लेक यानेही शिंद्यांच्या पलटणींच्या शौर्याची अशीच कबुली दिली. फ्रेंच अधिकारी त्यांच्यावर असते तर निकाल फार संशयित झाला असता, असे त्याने लिहून ठेवले आहे. जिंकणाऱ्याची ही साक्ष आहे.

दुसरे ठिकाण धन्याचे. असईच्या रणात मराठी बाजूला एक सेनापती नव्हता. पोलमानच्या पलटणी, बेगम समरूच्या पलटणी, शिंद्यांचे घोडदळ आणि भोसल्यांची फौज यांचे धनी वेगळे होते आणि स्वार्थही वेगळे होते. दौलतराव आणि रघुजी लढाई रंगात येण्यापूर्वीच रणाबाहेर पडले. पायदळ तोफांपाशी मरत असताना हजारोंचे घोडदळ बहुतांशी पाहत उभे राहिले. महादजींच्या काळी हेच पायदळ एका मनुष्याच्या राजकारणाचे अंग होते. दौलतरावांच्या काळी ते एक महागडे यंत्र झाले होते, आणि ते कोणत्या कामासाठी चालवायचे याविषयी मालकाचे मन स्थिर नव्हते.

तिसरे ठिकाण कोठाराचे. कंपनीची बंदूक मोडली तर मुंबई किंवा मद्रासच्या कोठारातून दुसरी येई. ते कोठार रिते झाले तर समुद्रावरून भरले जाई. शिंद्यांच्या बंदुकीची जन्मभूमी आग्रा, आणि ते असईपासून शेकडो कोस दूर होते. ऑक्टोबर १८०३ मध्ये लेकने आग्रा घेतले, तेव्हा ती बंदूक घडवणारा हातच तुटला. आग्ऱ्याचा कारखाना उत्तम होता, पण तो एकच होता, आणि तो ज्या मुलखाच्या वसुलावर चाले तो मुलूखही त्याच युद्धात गेला. रँडॉल्फ कूपर या अभ्यासकाने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या युद्धाची मांडणी याच अंगाने केली आहे. मराठी तोफखाना व पायदळ यांना तो कमी लेखत नाही. युद्धाचा पैसा, चाकरीचा बाजार आणि पत यांच्या हिशेबात तो निकाल शोधतो.

बंदुकीचा आणि निकालाचा संबंध किती पातळ आहे, याचा आणखी एक पुरावा दोन महिन्यांनी मिळाला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे पुन्हा लढाई झाली. असईला तोफांपुढे डगमगल्या नाहीत अशा मद्रासी पलटणी येथे पहिल्या तोफा सुटताच फुटून मागे पळाल्या. हात तेच, बंदुकाही त्याच. वेलस्ली जवळ होता. त्याने त्यांना आडोशाला नेऊन पुन्हा रांगेत उभे केले आणि परत लढाईत आणले. लढाई इंग्रजांनी जिंकली. त्या दुपारी पळणाऱ्या पलटणीला थांबवणारा अधिकारी जागेवर होता, हा त्या दोन सैन्यांतील खरा भेद. असईला शिंद्यांच्या पलटणींजवळ असा कोण होता?

इतके सारे उघड असताना ‘इंग्रजांकडे चांगल्या बंदुका होत्या म्हणून आपण हरलो’ हे वाक्य आपल्या मनात इतके खोल का रुतून बसले? येथे हा विषय इतिहासाच्या वर्गातून साहित्याच्या वर्गात येतो. मराठ्यांच्या ऱ्हासाची मीमांसा करताना वि. का. राजवाडे यांनी युरोपातील भौतिक शास्त्रांची प्रगती आणि आपल्याकडील त्यांचा अभाव यांकडे लक्ष वेधले. तो विचार मोठ्या पल्ल्याचा होता आणि त्यात तथ्यही होते. परंतु पुढच्यांच्या हाती, विशेषतः ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांतून आणि व्याख्यानांतून, त्याचा संक्षेप होत होत ‘त्यांच्याकडे बंदुका, आमच्याकडे तलवारी’ असे एक चित्र तेवढे शिल्लक राहिले. १८०३ च्या असईला हे चित्र लावता येत नाही.

दुसरा पक्ष याच्या उलट बोलतो. मराठ्यांनी गनिमी कावा आणि घोडा सोडला, फिरंगी बंदूक आणि फिरंगी कवायत धरली, म्हणून ते बुडाले, असे तो म्हणतो. या मताला इंग्रज सेनानींच्या लेखनाचा आधार आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ च्या आपल्या ग्रंथात परकी भाडोत्री शिपायांवर विसंबण्याचे दोष अधिक गंभीरपणे दाखवले आहेत. हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक भासतात. बारकाईने पाहिले तर दोघांचीही नजर बंदुकीवरच खिळलेली आहे. एकाला ती निकृष्ट वाटते, दुसऱ्याला परकी. दोन्ही मतांत एक सोय आहे : दोष वस्तूवर ढकलला की माणसांच्या वर्तनाचा हिशेब मांडावा लागत नाही. पगार का थकला, सरदार एकमेकांकडे पाठ करून का उभे राहिले, होळकर या युद्धात वेळेवर का उतरले नाहीत, चाकरीचे इमान विकत घेता येईल अशी सेना का बांधली गेली, हे प्रश्न बंदुकीच्या आड सुखाने झाकले जातात. पराभवाचे कारण लोखंडात सापडले म्हणजे मनाला बरे वाटते, आणि या बरे वाटण्यापासून इतिहास शिकवणाऱ्याने व साहित्य शिकवणाऱ्याने सावध राहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. शस्त्रांतील फरक कधीच निर्णायक नसतो काय? असतो. पुढे एकोणिसाव्या शतकात पेचदार नळीच्या आणि मागून भरायच्या रायफली आल्या तेव्हा जगाच्या कित्येक भागांत तो निर्णायक ठरला. पण त्या पुढच्या काळाचे सत्य मागे ओढून १८०३ वर बसवणे हा कालविपर्यास होय. असईची जोडी आपल्याला शिकवते ती ही की, जेथे वस्तू सारख्या असतात तेथे संस्थांचा कस लागतो.

या कसोटीची किंमत कोणी दिली, तेही पाहावे. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क सोडला आणि तो मुलूख इंग्रजांनी निजामाच्या पदरात घातला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांनी तह केला. मलकापूर, मेहकर, सिंदखेड हा सारा प्रदेश आता एकट्या निजामाच्या अमलाखाली आला, आणि १८५३ मध्ये निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेले. ज्यांनी त्या दोन बंदुकांपैकी एकही कधी हाती धरली नव्हती, त्या रयतेचा धनी पन्नास वर्षांत दोनदा बदलला.

आणि शेवटी एक शब्द. शिंद्यांच्या या कवायती ब्रिगेडींना मराठीत ‘कंपू’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, छावणी या अर्थाने. ग्वाल्हेरात त्या नावाचा भाग आजही आहे. आजच्या मराठी समीक्षेत मात्र कंपू म्हणजे एकमेकांची पाठ थोपटणारी आणि बाहेरच्याला आत न घेणारी टोळी. हा अर्थ कोणत्या वाटेने आला याचा निवाडा कोशकारांनी करावा. आमच्यापुरते एवढेच की, असईच्या मैदानावर आग्ऱ्याची बंदूक घेऊन शेवटपर्यंत उभा राहिलेला तिलंगा कंपूतला होता तो पहिल्या अर्थाने, आणि त्याला तेथे एकटा टाकून गेलेले त्याचे धनी दुसऱ्या.